हसरे राक्षस आणि पोरकी पिल्लं : जेफ स्मिथच्या ‘बोन’च्या निमित्ताने

बालसाहित्याची मांडामांड करताना आपण एक सोय करून ठेवली आहे. हसवणारी पुस्तकं एका फळीवर, संस्कार करणारी दुसऱ्या फळीवर आणि राक्षस-चेटकिणींची अद्भुत पुस्तकं तिसऱ्या. चित्रांची पुस्तकं या तिन्हींच्या खाली, जमिनीलगत, कारण ती ‘अजून वाचता न येणाऱ्यांसाठी’. मराठी बालसाहित्यावरच्या चर्चा मी गेली पंचवीस-तीस वर्षं मिळतील तिथून वाचत आलो. ही मांडामांड मुलांनी केलेली नसून ग्रंथपालांची, शिक्षकांची आणि पुरस्कार-समित्यांची आहे, असं माझं मत त्यातून बनत गेलं. या चारही फळ्यांवरचा ऐवज एकाच पुस्तकात कोंबून, वर तो तेराशेहून अधिक पानं पेलून दाखवणारी एक अमेरिकन चित्रकादंबरी आहे. जेफ स्मिथ या चित्रकाराची ‘बोन’. या लेखात तिची चिकित्सा करायची आहे, पण ती यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात बसून. जागेचा उल्लेख सजावटीसाठी नाही. हे पुस्तक इथे वाचलं की त्यातल्या काही गोष्टींचं वजन बदलतं.

पुस्तक कसं घडलं

स्मिथचा जन्म १९६०चा. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात तो वाढला आणि तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकात १९८०च्या दशकात ‘थॉर्न’ नावाची चित्रपट्टी काढत होता. तिच्यातली काही पात्रं पुढे ‘बोन’मध्ये आली. १९९१ साली त्याने ‘कार्टून बुक्स’ हे स्वतःचं प्रकाशन काढून ‘बोन’चा पहिला अंक छापला. व्यवहाराची बाजू त्याची पत्नी विजया अय्यर यांनी सांभाळली. २००४पर्यंत ५५ अंक निघाले आणि गोष्ट संपली. सगळं काळं-पांढरं. २००५पासून ‘स्कॉलस्टिक’ या प्रकाशनाने स्टीव्ह हमाकर याच्या रंगांसह तीच गोष्ट नऊ भागांत मुलांसमोर आणली आणि मग ती शाळाशाळांत पोचली. पुढे तिच्यावर आक्षेपही आले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१३ सालासाठी जाहीर केलेल्या सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांच्या पहिल्या दहांत ‘बोन’ होती.

यातली दोन माणसं, एक घर, काळी शाई आणि तेरा वर्षं ही बाब मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. चित्रकादंबरीचा विषय निघाला की आपल्याकडे ‘रंगीत छपाई परवडत नाही’ हे उत्तर तयार असतं. ‘बोन’ रंगाशिवाय पूर्ण झाली आणि रंगाशिवायच तिने नाव कमावलं.

गोष्ट

फोन, फोनी आणि स्मायली हे तीन चुलतभाऊ. पांढरे, गुळगुळीत, मोठ्या नाकाचे, हाडासारखे गोलमटोल जीव. फोनी बोन हा पैशाचा लोभी. त्याच्या भानगडींना विटून बोनव्हिलच्या लोकांनी त्याला हाकलून लावलं, आणि भाऊ म्हणून बाकीचे दोघे त्याच्यासोबत निघाले. वाळवंटात त्यांच्यावर टोळधाड येते आणि तिघांची ताटातूट होते. फोन बोन एका अनोळखी खोऱ्यात पोचतो. तिथे थॉर्न ही मुलगी आणि तिची आजी राहते. आजी गायींशी धावण्याची शर्यत लावते आणि जिंकते. जंगलात केसाळ, दातेरी उंदीर-राक्षस आहेत. एक लाल ड्रॅगन आहे, ज्याच्यावर मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत. आणि या सगळ्यामागे टोळांचा अधिपती म्हणवणारी एक अशरीरी दुष्ट शक्ती आहे.

सुरुवातीला सगळी धमाल आहे. गायींच्या शर्यतीत फोनी एका ‘गूढ गायी’वर पैजा लावून घेतो. ही गाय म्हणजे गायीचं सोंग घेतलेला स्मायली. खोऱ्यातल्या लोकांत नाण्यांचा व्यवहार नाही, म्हणून फोनीकडे अंडी-कोंबड्या जमतात. बिंग फुटतं आणि दोघांना खानावळीत राबून देणं फेडावं लागतं. हळूहळू त्याच खोऱ्यावर युद्ध येतं. थॉर्न ही लपवून वाढवलेली राजकन्या निघते, आजी ही जुनी राणी. गावं जळतात. शेवटच्या भागांत जमिनीवर असे पट्टे पसरतात, जे वरून ओळखू येत नाहीत, पण आत पाऊल पडलं की माणूस संपतो.

रेषांची दोन खाती

स्मिथची मुख्य युक्ती रेषेत आहे. बोन भावंडं मोजक्या रेषांत काढलेली आहेत : दोन टिंबं, एक नाक, एक तोंड. त्यांच्यामागचं जंगल, खडक, पाऊस, आजीच्या झोपडीची लाकडं मात्र बारकाईने रेखलेली आहेत. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकार-अभ्यासकाने १९९३च्या आपल्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात या पद्धतीची चर्चा केली आहे. साध्या चेहऱ्यात वाचक स्वतःला सहज बसवतो आणि तपशिलाने काढलेलं जग त्याला बाहेरचं, खरं वाटतं, असा त्याचा मुद्दा. ‘बोन’मध्ये याचा आणखी एक परिणाम होतो. बोन भावंडं विनोदाच्या जगातून आली आहेत आणि थॉर्न, आजी, ड्रॅगन अद्भुतकथेच्या जगातून. दोन जातींच्या रेषा एकाच चौकटीत उभ्या राहिल्या की विनोद आणि भय यांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. ते डोळ्यांना दिसतं.

दुसरी युक्ती पान उलटण्याची. खोऱ्यात हिवाळा हळूहळू येत नाही. एका चौकटीत झाडं कोरडी, पुढच्या चौकटीत सगळं बर्फ एकदम धप्पकन पडलेलं. दिवाळी अंकाच्या वाचकाला हा खेळ नवा नाही. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या ‘आवाज’ने खिडकीचित्रं घरोघर नेली. खिडकीतून एक दिसतं आणि पान उलटलं की भलतंच निघतं. त्या विनोदाचं यंत्र म्हणजे कागद. स्मिथ तेच यंत्र कधी हसवायला वापरतो आणि कधी, त्याच सहजतेने, घाबरवायला. आपल्या खिडक्यांनी ते दुसरं काम फारसं केलं नाही.

वाघोबा, म्हातारी आणि पुडाची वडी

आता उंदीर-राक्षसांकडे येऊ, कारण पुस्तकाचा जीव त्यांच्यात आहे. त्यांच्यातली एक जोडी वारंवार येते. त्यांना नावं नाहीत. ते फोन बोनला पकडतात, पण खात नाहीत, कारण त्याचं काय करायचं यावर त्यांचं एकमत होत नाही. एकाला त्याचा रस्सा हवा. दुसऱ्याला त्याचा ‘किश’, म्हणजे अंडी-सारण भरून भट्टीत भाजलेला एक नाजूक फ्रेंच पदार्थ. भांडण चालू असतं आणि शिकार निसटते.

गल्लीतल्या सात-आठ पोरांना मी एका उन्हाळ्यात पहिला भाग वाचून दाखवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चित्रं त्यांच्यापुढे आणि फुग्यांतलं बोलणं माझ्या तोंडून, वऱ्हाडीत. ‘किश’पाशी अडलं. पिझ्झा म्हटलं असतं तर पोरांना समजलं असतं, पण गंमत गेली असती. जंगलातल्या रानटी राक्षसाला कष्टाचा, हातचलाखीचा, पाहुण्यांसाठीचा पदार्थ खावासा वाटतो, ही ती गंमत. मी ‘पुडाची वडी’ केली. आत सारण, वर पारी. मग एक राक्षस म्हणाला, ‘‘अबे, रोज रोज रस्साच काहून? मले पुडाची वडी पायजे.’’ दुसरा म्हणाला, ‘‘बह्याडा, वडीले सांबार कोन आनून देनार हाये तुले?’’ पोरं लोळली. एक मुलगी म्हणाली, ‘‘हे तं भोपळ्यातल्या म्हातारीवानी झालं.’’

तिचं म्हणणं समीक्षेच्या कसोटीला उतरणारं आहे. लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला सांगते की आत्ता खाऊन तुला हाडंच मिळतील, परतताना ये. भुकेला पुढची तारीख देऊन ती जीव वाचवते आणि परतताना भोपळ्यात बसते. दोन्हीकडे खाणारा बलवान आहे, खाद्य दुबळं आहे आणि मध्ये फक्त बोलणं आहे. भूक ‘कशी’ भागवायची याची चर्चा सुरू झाली की भूक लांबते. लोककथेला हे कधीचं ठाऊक आहे. विक्रम-वेताळाच्या गोष्टीतही प्रेत खांद्यावर असतं आणि वर कोडी चालू असतात.

भाषेबद्दलही इथेच सांगतो. स्मिथवर ज्यांचा प्रभाव आहे त्यांत वॉल्ट केलीची ‘पोगो’ ही चित्रपट्टी येते. १९४८ साली सुरू झालेल्या या पट्टीतली दलदलीतली जनावरं आपली एक खास गावठी इंग्रजी बोलतात. म्हणजे ‘बोन’च्या पूर्वजांच्या तोंडात बोली आहेच. बोन भावंडांना प्रमाण मराठी आणि खोऱ्यातल्यांना वऱ्हाडी दिली, तर भाषांतर मूळ रेषेच्या जवळ जाईल, असं मला वाचून दाखवताना वाटलं. बाहेरचे साध्या रेषेत आणि साध्या भाषेत. इथले तपशिलात आणि बोलीत.

फोनीचा धंदा

फोनी बोनचा वंश सरळ कार्ल बार्क्सच्या कंजूष स्क्रूज बदकाकडे जातो. पण चौथ्या भागात स्मिथ त्याला एक वेगळं काम देतो. फोनी गावकऱ्यांना पटवतो की ड्रॅगन येणार आहे आणि त्याच्यापासून वाचवणारा मी एकटाच. खरा धोका उंदीर-राक्षसांचा आहे आणि ड्रॅगन तर रक्षणकर्ता. पण लोक आपली चीजवस्तू फोनीच्या हवाली करतात, गावाभोवती कुंपण घालतात आणि शहाणपण सांगणाऱ्या खानावळवाल्याचं ऐकेनासे होतात. हे सगळं विनोदी आहे. ज्याने बियाण्याच्या पाकिटावरचं हिरवंगार चित्र आणि प्रत्यक्षातलं पऱ्हाटीचं झाड दोन्ही पाहिली आहेत, त्याला यात आणखीही काही दिसेल. भीती विकणारा आणि आशा विकणारा हे एकाच दुकानात बसतात. फोनी दुष्ट नाही. त्याला फक्त नफा हवा आहे आणि नुकसान दुसऱ्याचं होतं. बाल-किशोरांच्या पुस्तकात आर्थिक फसवणुकीचं इतकं नेमकं चित्र क्वचित येतं. त्याला खलनायक न करता घरातलाच भाऊ ठेवल्यामुळे ते अधिक नेमकं झालं आहे.

टोळधाडीचंही तसंच. मे २०२०मध्ये टोळांच्या झुंडी अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरल्या. लोक डबे-थाळ्या बडवत शेतात धावले, रात्री फवारण्या झाल्या. आमच्या पोरांनी ती दृश्यं मोबाइलवर पाहिली होती. म्हणून पहिल्याच प्रकरणात आकाश काळं होतं तेव्हा अमेरिकेतल्या मुलाला जी अद्भुतकथा वाटेल, ती इथे बातमी झाली. अद्भुत आणि वास्तव यांतली रेघ जिल्ह्यागणिक सरकते, हे समीक्षेने मान्य करायला हवं.

पोरकी पिल्लं

पाचव्या भागात पुस्तक आपल्याच विनोदाची परीक्षा घेतं. स्मायलीला उंदीर-राक्षसाचं एक पिल्लू सापडलेलं असतं. ते डोंगरात परत सोडायला फोन आणि स्मायली निघतात. वाटेत त्यांना जंगली जनावरांची पोरकी पिल्लं भेटतात. त्यांचे आईबाप उंदीर-राक्षसांनी मारलेले आहेत. आणि ती विनोदी जोडीही याच रानात हिंडते आहे. ज्यांच्या रस्सा-वडीच्या भांडणावर आपण चार भाग हसलो, त्या जातीने काय केलं आहे ते आता समोर उभं आहे.

इथे पोरं गप्प झाली. मग एकाने विचारलं, ‘‘मंग आपन हासलो ते चुकलं का?’’ त्याला मी काय सांगितलं ते महत्त्वाचं नाही. त्याला तो प्रश्न पडला, हे पुस्तकाचं यश. स्मिथ पुढेही त्या जोडीला विनोदी ठेवतो. पिल्लांना ‘समजूतदार’ करत नाही आणि राक्षसाच्या पिल्लाला आपोआप निर्दोषही ठरवत नाही. पोरकी पिल्लं त्याच्यावर संशय घेतात आणि त्यांचा संशय रास्त आहे. स्मायली त्याला जवळ करतो आणि तेही रास्त आहे.

ज्या जिल्ह्यातलं दुःख जगाने आकड्यांत वाचलं, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने व्यासपीठावरून बोलावं, हे त्या संमेलनातलं सगळ्यांत खरं साहित्य होतं, असं मी मानतो. पण त्यानंतर एक गोष्ट मला खटकत राहिली. आमच्या भागातल्या मुलांसाठी बाहेरून जी पुस्तकं येतात, ती धीर देणारी, उभारी देणारी, संघर्षातून यश सांगणारी असतात. ज्या घरात काही घडलं आहे, त्या घरातलं मूल हसेल, खदखदून हसेल, वेडगळ राक्षसांवर हसेल, हे देणाऱ्याच्या कल्पनेत नसतं. दुःखी मुलाला गंभीर पुस्तक द्यावं, हा मोठ्यांचा समज. ‘बोन’ मुलाला हसू देते आणि त्या हसण्याच्या आतच त्याला नुकसानीपाशी नेऊन उभं करते. सांत्वनापेक्षा हा जास्त मोठा सन्मान आहे.

उणी बाजू

हे पुस्तक निर्दोष नाही. सातव्या भागापासून भविष्यवाण्या, स्वप्नविद्या, राजघराण्याचा इतिहास यांचं ओझं इतकं वाढतं की पात्रं एकमेकांना माहिती सांगण्यात पानं घालवतात. विनोद कोपऱ्यात जातो. टोळांचा अधिपती हा खलनायक म्हणून विरळ आहे. त्याला चेहरा नाही, भूक नाही, म्हणून त्याच्याशी भांडणही नाही. उंदीर-राक्षसांना रस्सा हवा होता, याला नेमकं काय हवं आहे ते मुलांना सांगता येत नाही.

मोठा आक्षेप राजेपणाचा. थॉर्न धाडसी आहे, पण खोरं वाचतं ते अखेर तिच्या रक्तामुळे. कष्ट करणारे गावकरी शेवटी योग्य राणीच्या मागे उभे राहतात आणि प्रश्न सुटतो. आपली भोपळ्यातली म्हातारी कुणाची राणी नाही. तिच्याजवळ लेकीचं घर आणि जीभ आहे, तेवढ्यावर ती जंगल पार करते. स्मिथची आजी पहिल्या दोन भागांत या म्हातारीची सख्खी बहीण असते, आणि राणी ठरल्यावर मला ती थोडी लहान वाटू लागली. गायींना हरवायला मुकुट लागला नव्हता.

एक विनोद मात्र वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकाने आवर्जून पाहावा. फोन बोन पाठपिशवीत हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ घेऊन हिंडतो. ते त्याचं सर्वांत आवडतं पुस्तक. तो ते वाचून दाखवू लागला की ऐकणारे सगळे, शत्रूसकट, झोपी जातात. अभिजात साहित्यावर इतकं प्रेम आणि त्याची इतकी थट्टा एकाच ठिकाणी करायला धाडस लागतं.

आपली चार घरं

हे सगळं साहित्य मराठीत आहे, फक्त वेगवेगळ्या घरांत. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत एकामागून एक चित्र दाखवत कथा गाण्याची रीत आहे. १९५२पासून ‘चांदोबा’ने राक्षस, वेताळ आणि रेखीव चित्रं मराठी घरांत आणली. १९७१पासून बालभारतीचा ‘किशोर’ आहे. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’मध्ये चेटकिणीला भीतिदायक आणि हास्यास्पद एकाच वेळी केलं, आणि २०१८मध्ये ते नाटक नव्याने आलं तेव्हा नातवंडांनी ते आजोबांइतकंच उचलून धरलं. विंदा करंदीकरांनी १९६३मध्ये ‘एटू लोकांचा देश’ वसवला. १९९१ साली, म्हणजे ‘बोन’ निघाली त्याच वर्षी, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ‘सकाळ’मध्ये आला आणि रोजच्या तीन-चार चौकटींत त्याने एक पिढी वाढवली. शि. द. फडणीसांची रेषा तर शब्दाशिवाय एक अख्खं अद्भुत जग उभं करते.

म्हणजे चित्र, राक्षस, हसू आणि बोली, काहीच कमी नाही. कमी आहे ती लांबी. आपला चित्रविनोद एका चौकटीत किंवा एका पट्टीत संपतो, आपली अद्भुतकथा दोन-चार पानांत. मोठ्या पल्ल्यावर हसू आणि भय यांना एकमेकांत मिसळायला जी शेकडो पानं लागतात, ती देण्याची तयारी संपादक, प्रकाशक आणि लेखक-चित्रकार यांपैकी कुणी एकाने दाखवून भागत नाही. पहिल्या चार भागांत आपण हसलो नसतो तर पाचव्या भागातली पिल्लं आपल्याला दिसली नसती. हा परिणाम छोट्या गोष्टीला साधता येत नाही.

एक व्यवहार्य सूचना करून थांबतो. दिवाळी अंकांनी ‘बालविभाग’ म्हणून शेवटची आठ पानं भरण्याऐवजी एका लेखक-चित्रकार जोडीला सलग पाच वर्षं दरवर्षी चाळीस काळी-पांढरी पानं द्यावीत. गोष्ट एकच, क्रमशः. पाचव्या वर्षी दोनशे पानांचं पुस्तक हातात असेल, आणि पहिला भाग वाचलेलं नऊ वर्षांचं पोर तेव्हा तेरा वर्षांचं असेल. गोष्ट त्याच्याबरोबर मोठी होईल. त्यातले राक्षस वऱ्हाडी बोलले तर उत्तम. मालवणी, अहिराणी बोलले तरी चालेल. पुडाच्या वडीची सोय तेवढी ठेवावी.